गारखेड्यातला जुना टू बीएचके की सातारा परिसरातला नवा? (पहिलंच घर, मदत करा)

अंबाजोगाईकर | रविवार, रात्री १०.४०

दोन महिने झाले, दर रविवारी संभाजीनगरात फ्लॅट बघत फिरतोय. आता दोनवर येऊन गाडी अडलीय आणि घरात रोज जेवताना तोच विषय. म्हणून इथं टाकतोय.

मी चिकलठाणा एमआयडीसीत, बायको गारखेड्यातल्या शाळेत शिक्षिका. मुलगी दुसरीत. चार वर्षांपासून गारखेड्यातच टू बीएचके भाड्याने आहे, साडेनऊ हजार देतो. हाताशी ११ लाख. आई-बाबा अंबाजोगाईला असतात, एफडी मोडून ३ लाख देतो म्हणतात, पण ते घ्यायचे नाहीत असं आमचं ठरलंय. हप्ता २७ हजारांपर्यंत झेपेल, त्याच्या वर गेलं की पोटाला चिमटा.

पहिला फ्लॅट गारखेड्यातच, आताच्या घरापासून चालत दहा मिनिटं. नऊ वर्षं जुना, तिसरा मजला, त्याच्या वर गच्ची. लिफ्ट नाही. तळमजला धरून बिल्डिंगमध्ये आठ फ्लॅट. मालक ३६ लाख मागतोय.

दुसरा बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसरात. काम चालू आहे, ताबा पुढच्या दिवाळीत. सात मजले, आम्हाला चौथा दाखवलाय. लिफ्ट, जनरेटर, खाली पोरांना खेळायला जागा. सेलेबल १०५० फूट. साडेत्रेचाळीस लाख, वर पार्किंगचे दीड आणि 'डेव्हलपमेंट'चे एक.

मेहुण्याचं तिसरंच. तो म्हणतो भाड्यानेच राहा, पैसे पैठण रोडला बिडकीनच्या बाजूला टाका, टोयोटा येतेय, पाच वर्षांत डबल.

बायकोला नवा आवडलाय. मला जुना बरा वाटतो, पण का ते धड सांगता येत नाही आणि तिथंच मी भांडण हरतो. शिवाय आई आली की गुडघ्यांमुळे तिसरा मजला चढणार नाही, आणि चौथा म्हटलं तर लिफ्ट असूनही गप्प होते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या घरात अजून गेलेली नाही. किल्लारीच्या त्या भूकंपानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपायचो, मी पाच वर्षांचा होतो.

हिमरू | रविवार, रात्री ११.०५

जुना घ्या. झोपा.

टँकरवाली | सोमवार, सकाळी ७.१५

सातारा परिसरात सहा वर्षं राहतेय, नाव त्यावरूनच घेतलंय. घर छान आहे, हवा येते, शेजार चांगला. पण पाण्याचं आधी बोलू.

आमचं ३२ फ्लॅटचं आहे. दोन बोअर. फेब्रुवारी संपेपर्यंत निभतं, मग एक बोअर फक्त हवा ओढते आणि दुसरी अर्धा तास चालवली की बंद करावी लागते. मे महिन्यात रोज टँकर, सणाच्या दिवशी दोन. मेंटेनन्स हिवाळ्यात १२०० आणि उन्हाळ्यात अडीच हजारांच्या वर. ताबा घेताना बिल्डरच्या माणसानं 'नळ येतोच आहे ताई' सांगितलं होतं. त्याचा फोन आता लागत नाही.

गेटवरच्या केबिनमध्ये टँकरची वही असते. आमची दोरीनं खिळ्याला बांधलेली आहे. त्यात तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती लिटर आणि सही. तुमच्या बिल्डिंगला अजून वही नसणार, म्हणून त्याच गल्लीतल्या राहत्या सोसायटीत जा. संध्याकाळी सातच्या सुमारास, ब्रोकरला न सांगता. वॉचमनला चहा पाजा आणि वही चाळायला मागा. मागच्या वर्षीचा मार्च ते जून बघा, पुढचं तुमचं तुम्हाला कळेल.

हिमरू | सोमवार, सकाळी ९.३०

गारखेड्यात काय रोज धो धो पाणी येतं का? आमच्याकडेही आठवड्यातून एकदाच येतं.

टँकरवाली | सोमवार, सकाळी ९.५२

येतं ना पण नळाला? मग खालचा हौद किती लिटरचा, एवढाच प्रश्न राहतो. आठ फ्लॅटना आठ दिवस पुरेल एवढा हौद असेल तर तुम्ही राजे. आमच्याकडे हौद मोठा आहे, भरायला काही नाही.

आणि जायकवाडीची मोठी पाइपलाइन, २५०० मिलिमीटर व्यासाची, तिचं नाव घेऊन दर चढवून सांगणाऱ्यांना एकच विचारायचं: या बिल्डिंगच्या नावावर नळजोडणी मंजूर आहे का, कागद दाखवा.

सिव्हिलवाला | सोमवार, दुपारी १.२०

फ्लॅट बघितलेले नाहीत, त्यामुळे घ्या किंवा घेऊ नका असं म्हणणार नाही. कुठं बघायचं ते सांगतो. मे चालू आहे, हे तुमचं नशीब. दिवाळीत फ्लॅट दाखवतात तेव्हा बोअर भरलेली असते आणि वारं गार असतं.

जुन्याचं आधी. डोक्यावर गच्ची आहे, म्हणजे दिवसभराचं ऊन स्लॅब रात्री खोलीत सोडणार. रात्री दहाला जा, बेडरूममध्ये स्टूल मागा आणि छताला हात लावा. तव्यासारखा लागला तर गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट किंवा चायना चिप्स करायचा खर्च कोण देणार ते आताच ठरवा. वरच्या मजल्यावाल्यानं एकट्यानं करावं असं खालचे सातजण म्हणतात, हे अनुभवाचं आहे. गच्चीला कोबा केला असेल तर पाणी कुठं साचतं त्याचे डाग उन्हाळ्यातही दिसतात.

मे महिन्यात ओल दिसत नाही, तिचे पाय दिसतात. बाथरूमच्या मागच्या भिंतीला, कपाटाच्या आत, खिडकीखाली पेंट फुगून पापुद्रे आलेत का, मिठासारखं पांढरं फुललंय का. दारामागच्या भिंतीला नुकताच एवढासाच नवा रंग दिलाय का. टाइल्सवर नाण्यानं टकटक करत जा, पोकळ आवाज लगेच कळतो.

बेसिनचा नळ बघा. बुडाशी पांढरा खडबडीत थर बसला असेल तर घरात बोअरचं पाणी चालतं, मालक काहीही सांगो. गीझरचं एलिमेंट आणि वॉशिंग मशीन दोन्ही त्यानं जातात.

भेगा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया तिच्याखाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला नसेल तर बिल्डिंग हळूहळू बोलायला लागते. केसासारखी भेग प्लास्टरची असते, सोडून द्या. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, नाणं शिरेल एवढी, आणि आतून बाहेरून एकाच जागी दिसणारी भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

नव्यात एक गोष्ट कुणी विचारत नाही. कूलर कुठं लावणार? बहुतेक नव्या बिल्डिंगमध्ये दोन्ही बेडरूमना स्लायडिंग, बाहेर उभं राहायला टीचभर जागा नाही. नागपूरसारखंच आपल्याकडं डेझर्ट कूलरशिवाय मे निघत नाही. एसी परवडत असेल तर प्रश्न नाही.

आईंना सांगा, ९३ ला जी घरं पडली ती दगडमातीच्या जाड भिंतींची होती, वर माळवदाचं वजन. नीट डिझाइन केलेली आरसीसी फ्रेम वेगळी. मात्र खाली नुसते कॉलम, पार्किंग मोकळं आणि वर सहा मजले भिंतींनी भरलेले असतील तर तो खालचा मजला मऊ पडतो. कॉलम जाड केलेत का, खाली शिअर वॉल किंवा ब्रेसिंग दिलंय का, हे बिल्डरच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला विचारा. बिल्डरच्या सेल्सवाल्याला विचारू नका, तो तुम्हाला लॉबीचा ग्रॅनाइट दाखवेल.

अंबाजोगाईकर | सोमवार, दुपारी ३.०५

सर, लॉबीचा ग्रॅनाइट दाखवलाच. इटालियन म्हणे.

लातूरचा मामा | सोमवार, सायंकाळी ६.४०

मेहुण्याचं काय ऐकायलाव तुम्ही. गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणाऱ्या माणसाचा हिशोब ऐका, मी घेतलेला हाव.

२०१४ ला लातुरात २४ लाखाला टू बीएचके घेतला. आज गिऱ्हाईक ३४ म्हणतंय. ऐकायला दहा लाख फायदा, पण अकरा वर्षाचा हिशोब मांडला तर वर्षाला सव्वातीन टक्क्याच्या आसपास पडतंय. भाडं साडेनऊ हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख चौदा हजार. आजच्या किमतीवर साडेतीन टक्केबी नाही, आणि त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंग, नळ, रिकामा महिना. सोसायटीनं शिकवणीची पोरं ठेवू नका म्हणून ठराव केला, नाहीतर खाटेवर दिला असता तर जास्त आले असते. पण नीटची परीक्षा झाली की मे-जूनला घर रिकामं, ते वेगळंच.

अन २०१६. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला ते साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलं. माझा भाडेकरू त्याच उन्हाळ्यात बायको-पोरं घेऊन सासुरवाडीला गेला ते परत आलाच नाही. चार महिने कुलूप. कर्जाचा हप्ता मात्र दर पाच तारखेला.

बिडकीनचं म्हणाल तर टोयोटाचा करार २०२४ ला झाला, कारखाना उभा राहील, कुणी नाही म्हणत नाही. पण तिथं राहायला येणार कोण? वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला आला, त्याच्या मागं बजाजनगर झालं. तिथं पहिल्यांदा काय खपलं? रूम-किचन. नव्या कामगाराला टू बीएचके परवडत नाही, अन साहेब लोक पोरांच्या शाळेसाठी शहरात राहून बसनं जातात. पाच वर्षांत डबल म्हणणाऱ्याला म्हणावं, तू माझ्याकडून पाच वर्षांनी दीडपटीला घेतो असं लिहून दे.

हिमरू | सोमवार, रात्री ८.१०

मामा, सगळ्यांचंच लातूर होत नाही. समृद्धी झाल्यावर इथले सावंगी, माळीवाडा भागातले रेट बघा. माझ्या मित्रानं प्लॉट घेतला होता.

लातूरचा मामा | सोमवार, रात्री ८.१८

प्लॉट अन फ्लॅट एकच का? प्लॉटची माती वाढती, फ्लॅटचं सिमेंट झिजतंय. आणि मित्रानं विकला का, का नुसता रेट सांगायलाय?

हिमरू | सोमवार, रात्री ८.२०

अजून विकला नाही.

फेरफार | मंगळवार, सकाळी ८.३०

एवढं वाचलं, कागदांचं कुणी बोललं नाही. मी तीस वर्षं महसुलात काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे आपल्याकडच्या जमिनीमागं इनाम, कूळ, गायरान ही लफडी फार. जुनी कागदं उर्दूत, काही मोडीत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, परवानगीचा आदेश फाइलमध्ये हवा. जुन्या फेरफारात मदतमाश किंवा खिदमतमाश शब्द आला की थांबा. खिदमतमाश म्हणजे देवस्थान किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेलं इनाम, त्याच्यावर बांधलेल्या फ्लॅटचा मालक कोण हा वाद तुमच्या मुलीच्या लग्नापर्यंत चालेल. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट तुमच्या वकिलाचा घ्या. बिल्डर देतो तो त्याच्या वकिलाचा असतो. अडीच-तीन हजार वाचवायला जाऊ नका.

बायपासच्या पलीकडे गुंठेवारी भरपूर. बॉण्ड पेपरवर वीस बाय तीसचे तुकडे विकलेले. २००१ च्या कायद्यानं आणि पुढे २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची अशी बांधकामं फी भरून नियमित करायची सोय झाली, पण सोय झाली म्हणजे तुमच्या सर्व्हे नंबरची झाली असं नाही. एनए (बिनशेती) आदेश आणि मंजूर लेआऊट, दोन्ही बघा. सिडकोच्या एन भागात कुणी बघत असेल तर लीजहोल्ड की फ्रीहोल्ड हे पहिलं, ट्रान्सफरचा खर्च त्यावर आहे.

आता तुमचा जुना फ्लॅट. मालकाकडून फक्त दोन गोष्टी मागा: महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगीचा कागद). नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात किती मजले मंजूर ते लिहिलेलं असतं. 'देतो, घरी आहे' म्हणाला तर समजून जा. बाकी मूळ खरेदीखत, इंडेक्स टू, करपावती हे नंतर.

आठ फ्लॅटवरून आठवलं. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला रेराची (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नोंदणी लागत नाही. त्यामुळे आपल्या शहरात आठचीच बिल्डिंग का जास्त दिसते याचा विचार करा. नवीन आठवाली घेत असाल तर रेराचं छत्र डोक्यावर नाही हे धरून चाला.

ताबा_२०१९ | मंगळवार, सकाळी ११.४५

माझं नावच माझी गोष्ट. ताबा २०१९ ला मिळणार होता. मला अजून मिळालेला नाही.

चूक माझी एवढीच की करारनामा नोंदवायच्या आधी २० टक्के दिले. बिल्डर म्हणाला भाव वाढतोय. रेरा कायद्यात करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हे मला नंतर कळलं. पैसे थांबलेत, भाडं चालू आहे, हप्त्याचं व्याजही चालू आहे. रेरात गेलो, व्याजासकट परताव्याचा आदेश हातात आहे. आदेश आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंबाजोगाईकर, महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका (जाहिरातीवर क्यूआर कोड असायलाच हवा). सेल्स ऑफिसात सांगितलेली तारीख सोडा, तिथं नोंदवलेली बघा. एकदा वाढवून घेतलीय का बघा. किती फ्लॅट बुक दाखवलेत ते बघा आणि रविवारी जाऊन किती खिडक्यांत काम चालू आहे ते मोजा. करारात उशीर झाल्यास व्याजाचं कलम बिल्डरकडून ग्राहकाला आणि ग्राहकाकडून बिल्डरला एकाच दरानं हवं. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती बिल्डरनं फुकट करायची, हेही त्याच कायद्यात आहे.

वजाबाकी | मंगळवार, रात्री ९.५५

मी फक्त आकडे मांडतो.

नवा फ्लॅट. साडेत्रेचाळीस अधिक दीड अधिक एक, म्हणजे ४६ लाख. सेल्सवाला म्हणाला असेल जीएसटी एकच टक्का. बरोबर ना? एक टक्का तेव्हाच, जेव्हा मेट्रो नसलेल्या शहरात कार्पेट (घराच्या आतलं क्षेत्र) ९० चौरस मीटरच्या आत आणि एकूण किंमत ४५ लाखांच्या आत. एकूणमध्ये पार्किंग आणि डेव्हलपमेंटही मोजतात. तुमचं ४५ ओलांडलं, म्हणजे ५ टक्के, २ लाख ३० हजार. मग तो म्हणेल वरचे अडीच वेगळे द्या, पावती नको. देऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि उद्या ताबा अडला तर त्या अडीच लाखांचा कागद तुमच्याकडे नसेल.

मुद्रांक शुल्क आपल्याकडे ६ टक्के, म्हणजे २ लाख ७६ हजार. नोंदणी ३० हजार. एकूण ५१ लाख ३६ हजार, क्लबहाऊस, वीजमीटर, वकील धरले नाहीत. बँक ४६ च्या ८० टक्के देईल, ३६ लाख ८० हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३२ हजारांच्या जवळ. तुमची मर्यादा २७. आणि हातचे लागणार साडेचौदा लाख, आहेत ११. शिवाय दिवाळीपर्यंत भाडंही चालू. वहिनींना आवडला असेल, पण आज तो तुमचा फ्लॅट नाही.

जुना. ३६ लाख. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ९० टक्के आहे, त्यामुळे ३० मिळायला हरकत नाही. हप्ता २६ हजार ३५. वीस वर्षांत बँकेला जातील साडेबासष्ट लाख, हा आकडा एकदा मोठ्यानं म्हणून बघा आणि बोनस आला की मुद्दलात टाका, फ्लोटिंग दरावर मुदतीआधी फेडायचा दंड नसतो. खरेदी एकट्या वहिनींच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी, १ लाख ८० हजार. दोघांचं नाव घातलं की ही सवलत गेली. तुम्ही सहकर्जदार राहू शकता. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारी दर) यात जे जास्त त्याच्यावर लागतं, तेवढं तपासा.

आणि सेलेबल १०५० हे विसरा. रेरा कार्पेट विचारा.

अंबाजोगाईकर | बुधवार, रात्री १०.१५

वजाबाकी साहेब, तुमचा मेसेज बायकोला दाखवला. तिनं दोनदा वाचला, मग म्हणाली 'ग्रॅनाइट इटालियन नसता तर बसलं असतं का.' रेरा कार्पेट विचारलं, ६८० निघालं. म्हणजे १०५० मधले ३७० फूट जिना, लिफ्ट आणि भिंती.

तरी आज संध्याकाळी दोघं गेलो. टँकरवाली ताई, तुमचं ऐकून शेजारच्या सोसायटीत. वॉचमन बदनापूरचा निघाला, चहाची गरजच पडली नाही, स्वतःच वही काढून दिली. मागच्या मे महिन्याची पानं बायकोनं बोटानं मोजली. एका पानावर अकरा ओळी. १८ तारखेला चार टँकर, शेजारी कुणीतरी लिहिलंय 'बी विंग लग्न'. आम्ही बघत असतानाच एक टँकर आला, पाइप जोडताना निम्मं पाणी रस्त्यावर. बायको गाडीवर बसेपर्यंत काही बोलली नाही.

जुन्याचं शनिवारी सांगतो. मालकाला नकाशा मागितलाय. 'घरी आहे' म्हणाला.

फेरफार | बुधवार, रात्री १०.३१

:)

सिव्हिलवाला | गुरुवार, सकाळी ७.५०

एक सहज सुचलं. सध्या राहता तो फ्लॅट कितव्या मजल्यावर आणि मालक कुठं असतो?

अंबाजोगाईकर | गुरुवार, सकाळी ८.०५

पहिला मजला. मालक पुण्याला, वर्षातून एकदा येतात ते दिवाळीचा फराळ घेऊन. का?

सिव्हिलवाला | गुरुवार, सकाळी ८.०७

विकतात का विचारा. चार उन्हाळे तुम्ही तिथं काढलेत, एवढी तपासणी माझ्याकडून पैसे देऊनही होणार नाही.

अंबाजोगाईकर | शनिवार, रात्री ११.२०

आजचा दिवस विचित्र गेला.

जुन्या फ्लॅटचा नकाशा मिळाला, मालकाकडून नाही, खालच्या मजल्यावरच्या काकांकडून. त्यांनी कपाटातून गुंडाळी काढली, डायनिंग टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मंजुरी तळमजला अधिक दोन. तिसरा मजला नकाशात नाहीच. आम्ही ज्याचे ३६ लाख देणार होतो तो फ्लॅट कागदावर हवेत आहे. काका म्हणाले, 'सगळ्यांना माहितेय, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?' भोगवटा प्रमाणपत्र तर पूर्ण बिल्डिंगलाच नाही. मला तो फ्लॅट का आवडत होता हे मात्र तिथंच कळलं. बाल्कनीतून मुलीची शाळा दिसते.

खाली उतरून पुण्याला फोन लावला. मालक आधी हसले. मग म्हणाले, मुलगी कॅनडाला स्थायिक झालीय, मलाही आता ते सांभाळणं होत नाही. ३८ म्हणाले, मी ३५ म्हणालो, साडेपस्तीसवर दोघांनीही विषय बदलला. ताबडतोब टोकन मागितलं नाही, हे चांगलं की वाईट ते कळत नाही.

लातूरचा मामा | शनिवार, रात्री ११.३५

चांगलंच की. घाई नसलेला विकणारा बरा. पण भाडेकरूलाच विकतोय म्हणजे ब्रोकरची दलाली वाचली, तेवढी कमी करून घ्या.

फेरफार | रविवार, सकाळी ६.४०

मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र इथंही तेच. ओळखीचा मालक म्हणून सोडायचं नाही. चार वर्षं राहिलात, तुमच्या पार्किंगच्या जागेचा कागद कुणी बघितलाय? मोकळी पार्किंग विकता येत नाही, ती सोसायटीची असते, त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

अंबाजोगाईकर | रविवार, सकाळी ९.१०

नकाशाची झेरॉक्स मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली: तळमजला अधिक तीन, बारा फ्लॅट, भोगवटा प्रमाणपत्रही आहे. वकिलाकडे सर्चला दिलंय, आठ-दहा दिवस लागतील. मेहुण्याला सांगितलं, तो रुसलाय. आई विचारत होती पहिलाच मजला ना.

गंमत म्हणजे काल रात्रीपासून घर परकं वाटतंय. नळाचं बूड बघितलं. पांढरा थर आहे, पण हलका. दोन टाइल पोकळ वाजतात. मुलीच्या खोलीत खिडकीखाली एक डाग आहे, तिथं आम्ही चार वर्षं कॅलेंडर लावत होतो. काल कॅलेंडर काढलं तर त्या डागातून एक तिरपी भेग वर गेलेली दिसली. सिव्हिलवाला सर, फोटो टाकू का?

सिव्हिलवाला | रविवार, सकाळी ९.४०

टाका. बाहेरून पण त्याच जागेचा काढा. आणि भेगेशेजारी रुपयाचं नाणं धरून काढा, नाहीतर मोबाईलच्या फोटोत सगळ्या भेगा सारख्याच दिसतात.